कापसाच्या मळ्यांतील गायक
(नभोवाणीवरील भाषण)

शाळेंत भूगोल शिकलेल्या कोणापुढेंही 'डेल्टा' हा शब्द उच्चारला कीं त्याला नदीच्या मुखाशीं पसरलेला त्रिकोणी प्रदेश आठवतो. आज ज्या डेल्टाविषयीं मला बोलावयाचें आहे तो तसा नव्हे. मिसिसिपी नदी समुद्रास मिळते ती लुइझियाना राज्यांत. हा डेल्टा त्या मुखापासून पुष्कळ उत्तरेस, मिसिसिपी राज्याच्या वायव्य कोपऱ्यांत आहे. पश्चिमेस मिसिसिपी व पूर्वेस याझू ह्या दोन नद्यांमधील, मेंफिस शहराच्या दक्षिणेपासून व्हिक्सबर्गपर्यंत सुमारें २०० मैल लांबीचें हें सपाट खोरें हजारों वर्षांच्या पुरांनीं आणलेल्या गाळानें भरलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्याचा मोठा भाग दलदलीचें अरण्य होता. कृष्णवर्णी मजुरांनीं तें अरण्य तोडलें, नदीकांठीं मातीचे उंच बांध घातले आणि त्या काळ्याभोर जमिनींत कापूस पिकविला. त्याच मजुरांनीं व त्यांच्या मुलांनीं जें गाणें निर्माण केलें, त्याला जग 'डेल्टा ब्लूज' ह्या नांवानें ओळखतें.

कापसाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगतों. १८६१ ते १८६५ ह्या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला आणि मुंबईंत शेअरबाजाराचें तें प्रसिद्ध वेड उसळलें, हें आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, मुंबईंतल्या पेढ्या बुडाल्या. आणि आपलें पाठ्यपुस्तक तेथेंच पान उलटतें. पण त्याच वर्षीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, आणि मुक्त झालेल्या सुमारें ४० लाख माणसांनीं पुढें काय खाल्लें व कोठें राहिलीं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं.

उत्तर असें कीं, त्यांतील बहुतेकांनीं पुन्हां कापूसच वेंचला. जमीन मळेवाल्याची, बीं, खेचर, नांगर आणि वर्षभराचें पीठमीठ हेंही त्याच्याच दुकानांतून उधारीनें, पीक हातीं आलें कीं अर्धें त्याचें, आणि उरलेल्या अर्ध्यांतून उधारी वजा. वही मळेवाल्याची, हिशेबही त्याचाच. आपल्याकडील सावकारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ह्या पद्धतीचें वर्णन अधिक सांगण्याचें कारण नाहीं. भरीस १८९० सालीं मिसिसिपी राज्यानें नवी घटना केली. मतदानासाठीं डोईपट्टी आणि वाचनाची परीक्षा अशा अटी घालून तिनें कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नाहींसा केला. ब्लूजचा जन्म त्याच सुमाराचा.

नक्की केव्हां, हें सांगणें कठीण. कारण ज्यांनीं तें गाणें निर्माण केलें त्यांच्याविषयीं कागद ठेवण्याची कोणाला गरजच वाटली नाहीं. डब्ल्यू. सी. हँडी ह्या शिकलेल्या कृष्णवर्णी संगीतकारानें १९४१ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत एक आठवण दिली आहे. १९०३ च्या सुमारास टटवायलर ह्या लहानशा स्टेशनावर तो गाडीची वाट पाहत डुलक्या घेत असतां, शेजारीं एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटार वाजवीत बसला होता. तारांवर तो सुरी घसरवीत होता आणि दोन आगगाड्यांचे रुळ जेथें एकमेकांस छेदतात त्या ठिकाणाविषयीं कांहीं गात होता. हँडीनें पुढें ह्या गाण्याचीं छापील पुस्तकें काढलीं, कीर्ति व पैसा मिळविला. त्या फाटक्या कपड्यांच्या माणसाचें नांव मात्र त्यानें विचारलें नाहीं.

गाण्याची घडण साधी आहे. एक ओळ गावयाची, तीच पुन्हां गावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. चार-चार मात्रांच्या बारा खंडांत कडवें पुरें होतें. डेल्टांतील गायक हा हिशेबही कांटेकोर पाळीत नसत. श्वास संपेल तेथें खंड संपे. त्यांचे गंधार आणि निषाद धड शुद्धही नसतात, धड कोमलही नसतात. मधल्या कोठल्याशा श्रुतीवर ते रेंगाळतात, आणि म्हणून ते पेटीवर सांपडत नाहींत. बाटलीची कापलेली मान बोटांत घालून ती तारेवर घसरविली कीं मींड निघते. गाणारा ओळ अर्धी सोडतो आणि उरलेली गिटार पुरी करते. आपल्या कानांना हें सर्व प्रथम ओबडधोबड वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तसें वाटणार नाहीं.

ह्या गायकांत पहिलें मोठें नांव चार्ली पॅटन ह्याचें. क्लीव्हलंड गांवाजवळ विल डॉकरी नांवाच्या गृहस्थानें १८९५ सालीं मळा वसविला; तेथें शेंकडों मजूर कुटुंबें राहत. पॅटनचें कुटुंब तेथें आलें आणि हेन्री स्लोन ह्या वडीलधाऱ्या वादकापाशीं पॅटन गिटार शिकला. शरीरानें लहानखुरा, पण आवाज असा कीं ध्वनिवर्धकाशिवाय सगळ्या अंगणाला पुरावा. गिटार डोक्यामागें धरून वाजवी, तिच्यावर थापा मारी, मध्येंच बोले. शनिवारीं रात्रीं मजुरांच्या नाचाला असल्याच माणसाची गरज असते. पॅटन आत्ममग्न कवि नव्हता, लोकांचें मन रमविणारा व्यावसायिक होता, हें ध्यानांत ठेवावें; पुढें ह्या मुद्द्याचा उपयोग आहे.

त्याचा आवाज आज ऐकूं येतो तो एका खुर्च्यांच्या कारखान्यामुळें. विस्कॉन्सिन राज्यांतील एक फर्निचरची कंपनी फोनोग्राफचीं कपाटें करीत असे. कपाटें खपावीं म्हणून तिनें तबकड्या काढण्यास सुरुवात केली आणि त्यांना 'पॅरामाउंट' हें नांव दिलें. कृष्णवर्णी गिऱ्हाइकें तबकड्या घेतात, हें १९२० सालीं मामी स्मिथ ह्या गायिकेच्या 'क्रेझी ब्लूज'च्या प्रचंड खपानें सिद्ध झालेंच होतें. मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथें एच. सी. स्पिअर नांवाचा एक गोरा दुकानदार होता. तो गायक हेरून कंपन्यांकडे पाठवी. १४ जून १९२९ रोजीं इंडियाना राज्यांतील रिचमंड येथें पॅटनचीं १४ गाणीं एका दिवसांत मुद्रित झालीं. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें. जें गाणें नाचाच्या रात्रीं अर्धा तास चाले, तें तीन मिनिटांत कोंबावें लागे. तेव्हां आज आपण जें ऐकतों तो त्या कलेचा एक कापून घेतलेला तुकडा आहे.

ह्या तुकड्यांतूनही केवढा इतिहास बोलतो पाहा. एप्रिल १९२७ मध्यें मिसिसिपीचा बांध माउंड्स लँडिंग येथें फुटला आणि डेल्टा पाण्याखालीं गेला. त्या वर्षींच्या पुरानें नदीच्या सबंध खोऱ्यांत सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ग्रीनव्हिल शहरांत हजारों कृष्णवर्णी लोकांना बांधावरच्या छावणींत बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यांत ठेवून त्यांच्याकडून काम करून घेतलें. मजूर एकदां गेले तर परत येणार नाहींत, हें भय मळेवाल्यांना होतें. पॅटननें ह्या पुरावर 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' हें तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारें गाणें केलें. गांवामागून गांवाचीं नांवें घेत तो आसरा शोधीत जातो. सरकारी अहवालांत आंकडे आहेत. ह्या गाण्यांत बुडणाऱ्यांच्या बाजूची साक्ष आहे. इतिहास शिकविणाऱ्यानें दोन्ही वाचावींत. पॅटन १९३४ सालीं हृदयविकारानें वारला.

त्याचा सोबती सन हाउस हा तर धर्मोपदेशक. रविवारीं व्यासपीठावरून ज्याला पाप म्हणावयाचें, तेंच शनिवारीं गावयाचें, हें द्वंद्व त्याच्या आवाजांत आयुष्यभर राहिलें. एका मारामारींत त्याच्या हातून माणूस मेला, त्यानें पार्चमनच्या तुरुंगशेतीवर शिक्षा भोगली, आणि सुटल्यावर १९३० सालीं पॅटन व विली ब्राउन ह्यांच्याबरोबर ग्राफ्टन येथें जाऊन तो पॅरामाउंटसाठीं गायला. तबकड्या खपल्या नाहींत. मंदीचा कडाका होता. दोन वर्षांत पॅरामाउंटनें ध्वनिमुद्रणच थांबविलें, आणि पुढें मूळ धातूच्या तबकड्या मोडींत गेल्या.

आतां रॉबर्ट जॉन्सन. डेल्टाच्या सर्व गायकांत आज सर्वांत प्रसिद्ध तो, आणि गूढाचें सर्वांत दाट धुकेंही त्याच्याचभोवतीं. कथा अशी: रॉबर्ट हा रॉबिन्सनव्हिलचा एक पोरगा. सन हाउस आणि विली ब्राउन विश्रांतीला उठले कीं तो त्यांची गिटार उचले आणि असें भयंकर वाजवी कीं लोक तक्रार करीत. मग तो नाहींसा झाला. परतला तो असा वाजवीत आला कीं दोघे गुरु तोंडांत बोट घालून राहिले. एवढ्या थोड्या काळांत हें कसें साधलें? तर मध्यरात्रीं चव्हाट्यावर जाऊन त्यानें आपला आत्मा सैतानाला विकला! चव्हाट्यावर सौदा होतो ही समजूत त्या लोकांत जुनी होतीच, आणि ही कथा प्रथम टॉमी जॉन्सन ह्या दुसऱ्याच, नात्यानें काडीचाही संबंध नसलेल्या गायकाविषयीं त्याच्या भावानें सांगितलेली आहे. आडनांव एक, म्हणून ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेली.

संशोधकांनीं शोधून काढलेली हकीकत निराळी आहे. १९३० सालीं रॉबर्टची तरुण बायको बाळंतपणांत मूल घेऊन गेली. त्यानंतर तो आपल्या जन्मगांवाकडे, हेझलहर्स्टच्या बाजूस गेला आणि आइक झिमरमन नांवाच्या वादकाच्या घरीं राहून शिकला. झिमरमनच्या घरच्यांनीं सांगितलें आहे कीं हे दोघे रात्रीं जवळच्या दफनभूमींत, थडग्यांवर बसून सराव करीत. कारण तेथें कोणाची झोपमोड होत नसे. बस्स, एवढेंच. मला ती सैतानाची कथा आवडत नाहीं, आणि त्याचें कारण धार्मिक नाहीं. बायको-मूल गमावलेला एक एकोणीस-वीस वर्षांचा तरुण रात्रीमागून रात्र थडग्यावर बसून बोटें घासतो, आणि त्याच्या त्या मेहनतीचें श्रेय सैतानाला! गोऱ्या विद्यार्थ्यानें असेंच केलें असतें तर त्याला चिकाटी म्हटलें असतें.

त्याच्या 'क्रॉस रोड ब्लूज' ह्या गाण्यांत तर सैतान मुळींच येत नाहीं. तेथें चव्हाट्यावर गुडघे टेकून एक माणूस देवाची करुणा भाकतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, कोणी थांबत नाहीं, आणि दिवस मावळत चालला आहे. त्या काळच्या मिसिसिपींत अनोळखी कृष्णवर्णी माणसानें सूर्यास्तानंतर परक्या गांवच्या रस्त्यावर एकटें असणें म्हणजे काय, हें ज्याला ठाऊक आहे त्याला भयासाठीं सैतानाची गरज पडत नाहीं. अर्थात् त्याच्या दुसऱ्या एक-दोन गाण्यांत सैतानाचें नांव आहे, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण तो गायकांचा ठरलेला अलंकार होता.

नोव्हेंबर १९३६ मध्यें टेक्सस राज्यांतील सॅन अँटोनिओ येथें एका हॉटेलच्या खोलींत, आणि जून १९३७ मध्यें डॅलस येथें, मिळून २९ गाणीं जॉन्सननें मुद्रित केलीं. 'टेराप्लेन ब्लूज' ही एक तबकडी बऱ्यापैकीं खपली. १६ ऑगस्ट १९३८ रोजीं ग्रीनवुडजवळ तो मरण पावला; वय २७. कोणा मत्सरी माणसानें दारूंत विष घातलें असें त्याच्या सोबत्यांनीं सांगितलें. १९६८ सालीं गेल डीन वॉर्डलो ह्या संशोधकास त्याचा मृत्यूचा दाखला सांपडला. कारणाच्या जागीं 'डॉक्टर नव्हता' एवढाच शेरा आहे. माझ्या मतें त्या दोन शब्दांत सगळ्या दंतकथांपेक्षां अधिक इतिहास आहे. त्याच्या नांवाचे दगड आज तीन निरनिराळ्या दफनभूमींत उभे आहेत.

मृत्यूनंतर चारच महिन्यांनीं, २३ डिसेंबर १९३८ रोजीं, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें जॉन हॅमंड ह्यानें कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा जलसा भरविला. जॉन्सनला त्यांत बोलवावें म्हणून शोध घेतला, तेव्हां तो गेल्याचें कळलें. हॅमंडनें त्याच्या दोन तबकड्या रंगमंचावर लावल्या. रिकामा मंच, आणि यंत्रांतून येणारा मेलेल्या माणसाचा आवाज: जॉन्सनच्या गूढाची सुरुवात खरी तेथें झाली असें म्हटलें तरी चालेल. १९६१ सालीं त्याचीं गाणीं दीर्घ तबकडीवर निघालीं. त्या वेळीं गायकाचें छायाचित्रसुद्धां उपलब्ध नव्हतें, तें छापून येण्यास १९८६ साल उजाडावें लागलें. अमेरिकेच्या टपालखात्यानें १९९४ सालीं त्याच छायाचित्रावरून तिकीट काढलें, आणि तोंडांतली सिगारेट पुसून टाकली!

तीं गाणीं ऐकलीं कोणी? इंग्लंडमधल्या पोरांनीं. मडी वॉटर्स ह्या डेल्टांतल्याच गायकाच्या गाण्यावरून लंडनच्या एका टोळक्यानें १९६२ सालीं 'रोलिंग स्टोन्स' हें नांव घेतलें. हा मडी वॉटर्स म्हणजे क्लार्क्सडेलजवळील स्टोव्हल मळ्यावरचा ट्रॅक्टर हांकणारा मजूर. १९४१ सालीं फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे अॅलन लोमॅक्स त्याच्याकडे यंत्र घेऊन गेले आणि त्यानें प्रथमच स्वतःचा आवाज ऐकला. १९४३ सालीं तो शिकागोस गेला. १९४४ सालीं जवळच्याच हॉप्सन मळ्यावर कापूस वेंचणाऱ्या यंत्रांचें जाहीर प्रात्यक्षिक झालें, आणि मजुरांची गरज संपण्याचा काळ सुरू झाला. आगगाड्या भरभरून माणसें उत्तरेस गेलीं. शिकागोच्या गोंगाटांत गिटारला वीज जोडावी लागली, आणि आजच्या अर्ध्या जगाचें नाचगाणें त्या विजेवर चालतें. २०११ सालीं मुंबईंत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला, तेव्हां तेथें गायलेला बडी गाय हा शिकागोंत मडी वॉटर्सच्याच सहवासांत तयार झालेला.

मागें राहिलेल्यांना शोधावयास १९६३-६४ सालीं उत्तरेकडील कांहीं गोरे तरुण निघाले. जुन्या तबकड्या हाच त्यांचा नकाशा. जॉन हर्टच्या १९२८ च्या गाण्यांत अॅव्हलॉन गांवाचें नांव होतें, तेवढ्या धाग्यावरून तो १९६३ सालीं त्याच गांवीं सांपडला. जून १९६४ मध्यें स्किप जेम्स ट्युनिकाच्या इस्पितळांत सांपडला, आणि त्याच सुमारास सन हाउस न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरांत. हाउसनें कित्येक वर्षांत गिटार हातीं धरली नव्हती. स्वतःचींच गाणीं त्याला एका गोऱ्या तरुणानें पुन्हां शिकविलीं. त्याच महिन्यांत मिसिसिपींत कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करावयास गेलेल्या चेनी, गुडमन आणि श्वेर्नर ह्या तीन तरुणांचा खून झाला. कोणी गाणारे शोधीत होते, कोणी मतदार. रस्ते तेच होते.

ह्या संग्राहकांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या वेडाशिवाय बहुतेक तबकड्या उकिरड्यावर गेल्या असत्या. पण त्यांनीं इतिहास थोडा वांकविलाही. त्यांना एकाकी, पछाडलेला, अंधारांतला गायक हवा होता. जितकी तबकडी दुर्मिळ तितका गायक थोर, असा कांहींसा न्याय त्यांनीं लावला. १९४१-४२ सालीं वर्क आणि त्यांचे कृष्णवर्णी सहकारी ह्यांनीं क्लार्क्सडेलच्या उपाहारगृहांतील पैसे टाकून वाजणाऱ्या पेट्यांत कोणत्या तबकड्या आहेत ह्याची यादी केली होती. त्यांत मोठमोठ्या शहरी वाद्यवृंदांच्या तबकड्या आहेत; पॅटन नाहीं, जॉन्सन नाहीं. ह्या विद्वानांचीं हस्तलिखितें गहाळ झालीं होतीं, तीं २००५ सालीं प्रसिद्ध झालीं. २०२० सालीं जॉन्सनची सावत्र बहीण अॅनी अँडरसन हिच्या आठवणींचें पुस्तक आलें. त्यांतला रॉबर्ट मेंफिसमध्यें राहणारा, नीटनेटक्या कपड्यांचा, लोक सांगतील तें गाणारा हंसतमुख भाऊ आहे. त्याच्याविषयीं सगळें जग लिहीत होतें, आणि ज्या घरांत तो जेवला-झोपला त्या घराचें म्हणणें इतक्या उशिरां छापलें गेलें.

पैशाचीही गोष्ट तीच. १९९० सालीं जॉन्सनचीं सर्व गाणीं एकत्र निघालीं आणि दहा लाखांहून अधिक संच खपले. वारस कोण, हा खटला वर्षानुवर्षें चालला. अखेर २००० सालीं मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानें क्लॉड जॉन्सन ह्यास रॉबर्टचा मुलगा म्हणून मान्य केलें. तोंवर हे गृहस्थ खडीचा ट्रक चालवीत होते. बापाच्या तबकड्यांचे पैसे त्यांच्या हातीं आले तेव्हां बापाला जाऊन साठ वर्षें उलटलीं होतीं.

आतां क्लार्क्सडेलला वस्तुसंग्रहालय आहे; मडी वॉटर्स ज्या लाकडी खोपटांत राहत असे तें तेथें आणून उभें केलें आहे. २००६ पासून राज्य सरकारनें गायकांच्या जागांवर निळे फलक लावले. पहिला हॉली रिज येथें, पॅटनच्या थडग्यापाशीं. प्रवासी येतात, चव्हाट्यावर छायाचित्रें काढतात. गांवें मात्र गरीबच आहेत. जुन्या तबकड्यांचा बाजार निराळा: टॉमी जॉन्सनच्या एका तबकडीस २०१३ सालीं ३७ हजार डॉलर आले. शोध अजून चालू आहे. सन हाउसची 'क्लार्क्सडेल मोन' ही पंचाहत्तर वर्षें बेपत्ता असलेली तबकडी ह्या शतकांत सांपडली. पॅटनचा आणि हाउसचा सोबती, रॉबर्ट जॉन्सननें ज्याचें नांव आपल्या गाण्यांत घेतलें तो विली ब्राउन, ह्याचीही 'किकिन इन माय स्लीप ब्लूज' म्हणून एक तबकडी निघाली होती. कंपनीच्या यादींत तिचा क्रमांक आहे. तिची एकही प्रत आजवर कोणाला सांपडलेली नाहीं.